दोन इंच निराश

गल्लीत तिला सगळे मास्तरीण म्हणत, आणि नव्याने राहायला आलेली माणसं त्यामुळे हमखास फसत. मुलाला शिकवणी लावायची म्हणून कुणी दार ठोठावावं, तर आत दोन पायमशिनी, इस्त्रीचं टेबल, भिंतीला टांगलेले अर्धेमुर्धे कोट, आणि गळ्यात टेप घालून खडूने रेघा मारणारी एक ठेंगणी बाई. तिचे वडील कपडे शिवणारे मास्तर होते. त्यांना मुलगा नव्हता, त्यामुळे दुकान लेकीकडे आलं आणि दुकानाबरोबर मास्तरकीही आली. शाळेचं म्हणाल तर दहावीनंतर ती त्या वाटेला फिरकली नव्हती. इंग्रजी ती अक्षर लावून लावून वाचायची. पण माणूस दारातून आत येईपर्यंत त्याचा कुठला खांदा उतरता आहे, हे तिला कळलेलं असायचं.

काजं-बटणं आणि हातशिलाई तिची नणंद करायची. नणंद-भावजयीचं पटत नाही असं म्हणतात. या दोघींचं इतकं पटायचं की दिवसभर भांडूनही त्यांचं पोट भरत नसे.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर सर राहत. हे मात्र खरेखुरे सर, अडतीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. इंग्रजीत क्रियापदाला मागून 'अप', 'ऑफ', 'इन', 'आउट' असं काहीतरी येऊन चिकटतं आणि अर्थ पार पालटून जातो, तो प्रकार म्हणजे सरांचा जीव की प्राण. एका जाड वहीत त्यांनी अशी सहाशे बारा क्रियापदं उतरवली होती, प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करून. पत्नी गेल्यापासून घर त्यांना खायला उठायचं, म्हणून रोज सकाळी ते पेपर घेऊन दुकानाच्या पायरीवर येऊन बसत.

"आज कुठलं शेपूट आणलंत, सर?" नणंद विचारायची.

"आज 'गेट'. 'गेट' म्हणजे मिळणे. 'गेट अप' म्हणजे उठणे. 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून सावरणे. आणि 'गेट बाय' म्हणजे कसंबसं निभावून नेणे."

"तुमचं कुठलं चाललंय?"

"सध्या 'गेट बाय'," सर म्हणायचे आणि पेपर उघडायचे.

एका मंगळवारी सकाळी दुकानासमोर एक ढकलगाडी येऊन थांबली. गाडीवर कपड्यांचा ढीग आणि गाडीमागे घामाघूम झालेली एक परदेशी बाई. ती इंग्रजीत बोलू लागली ती थांबेचना. सर पायरीवरून उठले, मान डोलावत ऐकत राहिले, आणि तिने श्वास घेतला तेवढ्यात मास्तरणीकडे वळले.

"मला निम्मं कळलं. यांचं गाणाऱ्यांचं मंडळ आहे, चाळीस माणसांचं. गावोगाव फिरतंय. उद्या संध्याकाळी सात वाजता त्या मागच्या सभागृहात कार्यक्रम आहे. नवे कपडे ज्या कारखान्यातून शिवून आले, त्यांनी दुसऱ्याच कुठल्या मंडळाची मापं याला लावलीत. जाड्याचा कोट बारीक आणि बारक्याचा कोट तंबू. ही त्यांची कपडे सांभाळणारी. सगळ्यात बिघडलेले एकवीस नग आहेत, आणि एक मागाहून आणून देईल म्हणते."

"उद्या सातला?" मास्तरणीने विचारलं.

"सातला कार्यक्रम."

मास्तरणीने ढिगातला वरचा कोट उचलला, उलटा केला, शिलाई बोटाने चाचपली. शिलाई सरळ होती, कापड चांगलं होतं. चांगलं कापड कुणाच्या तरी अंगावर विद्रूप दिसणार, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. "होईल म्हणावं," ती म्हणाली.

कपडेवाल्या बाईने तिचे दोन्ही हात धरून हलवले आणि रिकामी गाडी ढकलत ती निघून गेली. प्रत्येक कपड्याला तिने टाचणीने एक चिठ्ठी लावली होती, इंग्रजीत लिहिलेली.

"सर, तेवढ्या चिठ्ठ्या वाचून द्या," नणंद म्हणाली. "चुकीचं काही नको व्हायला."

पहिलाच नग काळा, पायघोळ झगा होता. सरांनी चष्मा पुसला, चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "'लेट डाउन टू इंचेस.' हं. 'लेट डाउन' म्हणजे निराश करणे. ऐनवेळी पाठ फिरवणे. माझ्या वहीत वाक्य आहे याचं, 'भावाने मला लेट डाउन केले.'"

"आणि पुढचं?"

"पुढे दोन इंच."

नणंदेने बटणांच्या डब्यातून मान वर काढली. "दोन इंच निराश करायचं? कुणाला?"

"तेच पाहतोय," सर गंभीरपणे म्हणाले. "झग्याच्या मालकिणीला असावं."

त्यांनी दुसरी चिठ्ठी घेतली. "'टेक इन ॲट वेस्ट.' 'टेक इन' म्हणजे फसवणे, गंडवणे. 'वेस्ट' म्हणजे कंबर. कमरेपाशी गंडवा." तिसरी घेतली. "'लेट आउट.' म्हणजे गुपित फोडणे." चौथी घेतली. "'टेक अप स्लीव्ह्ज.' 'टेक अप' म्हणजे एखादा छंद लावून घेणे. बाह्यांचा छंद." ते थांबले. "बाई घाईत होती. काहीतरी गडबड झालीय."

"एकीला निराश करा, एकाला गंडवा आणि वर गुपित फोडा," नणंद डोळे पुसत म्हणाली. "ही शिंप्याची कामं नव्हेत, सर. ही आमच्या भाऊबंदांची कामं. त्यांनाच बोलावून घेऊ."

मास्तरीण हसत नव्हती. तिने झग्याचा खालचा घेर उलटा करून उजेडात धरला होता. शिवताना कापडाची जास्तीची कड आत दुमडून ठेवतात, तिला शिंपी माया म्हणतात. माणूस वाढला, सुटला, तर ती माया उपयोगी पडते. या झग्याला आत चांगली तीन इंच माया होती.

"सर, नुसतं 'लेट' म्हणजे काय?"

"सोडणे. जाऊ देणे."

"आणि 'डाउन'?"

"खाली."

"मग खाली सोडा म्हणतेय. मायेतून दोन इंच खाली सोडा. बाई उंच असणार, झगा आखूड पडला असेल." तिने दुसरा कोट ओढला. "'टेक' घ्या, 'इन' आत. कमरेत आत घ्या. 'लेट आउट', बाहेर सोडा. 'टेक अप', वर घ्या, बाह्या लांब झाल्यात. सगळं सरळ लिहिलंय हो. तिने शिंप्याला चिठ्ठी लिहिलीय, शिंप्याला कळेल अशी."

हातातल्या चारही चिठ्ठ्या सरांनी पुन्हा एकदा, ओठ हलवत वाचल्या. "अडतीस वर्षं मी पॅन्ट घालून वर्गात जात होतो," ते शेवटी म्हणाले. "त्या पॅन्टलाही कुणीतरी 'टेक अप' केलं असणार. आणि मी फळ्यावर लिहीत होतो, छंद लावून घेणे."

त्यांचा चेहरा पाहून मास्तरणीला वाईट वाटलं. "आपल्याकडे तरी काय वेगळं आहे, सर? अंग तेच. पण काम अंगावर घ्यावं लागतं, दुखणं अंगावर काढावं लागतं, खाल्लेलं अंगी लागतं आणि शहाणपण अंगाशी येतं. परका माणूस वेडा होईल ऐकून. शेजारी कोण येऊन बसलंय, त्यावर सगळं."

सरांनी खिशातून पेन काढलं. पेपरच्या कडेला त्यांनी ते चारही प्रकार लिहून घेतले, खाली रेघ मारली, आणि लिहिता लिहिता त्यांचा चेहरा उजळला. "अंगात येणे राहिलं," ते म्हणाले.

"आणि अंग काढून घेणे," नणंद म्हणाली. "ते आमच्या ह्यांना चांगलं जमतं."

"मी काही मदत करू का?" सरांनी विचारलं. "वर बसून तरी काय करणार आहे."

"उसवता येतं?"

"शिकवलंत तर येईल."

अशा रीतीने सर दुकानात आले. मास्तरणीने त्यांच्या हातात उसवायची सुरी दिली आणि टाके कसे एकाआड एक कापायचे, मग दोरा कसा अलगद ओढायचा, ते दाखवलं. पहिल्या कोटाचं अस्तर त्यांनी बोटभर फाडलं. नणंदेने ते काही न बोलता रफू केलं, आणि ती काही न बोलल्यामुळे सर जास्तच घाबरले. दुसऱ्या कोटाला त्यांचा हात बसला. पाचव्या कोटापर्यंत ते गुणगुणू लागले. त्यांनी उसवायचं, मास्तरणीने खडूने नवी रेघ आखून मशीन मारायची, नणंदेने हातशिलाई करून इस्त्री फिरवायची, असं चाक फिरू लागलं. मशीनच्या आवाजात सर मधूनच मोठ्याने चिठ्ठी वाचत, "टर्न अप वन इंच," आणि मास्तरीण मान न वळवता म्हणे, "एक इंच वर दुमडायची. पॅन्ट ना?" आणि पॅन्टच असायची. संध्याकाळी उजेड गेला तेव्हा बारा नग टांगून झाले होते. मास्तरणीने दुकान बंद केलं. दमलेल्या हाताने शिवलेलं दुसऱ्या दिवशी उसवावं लागतं, असं तिचे वडील सांगायचे.

बुधवारी दुपारी तिघंजण मागच्या खोलीत जेवायला बसली असताना कपडेवाली बाई येऊन गेली. परत येऊन पाहतात तो खुर्चीवर एक काळी पॅन्ट, घडी घातलेली, आणि तिला चिठ्ठी.

सरांनी वाचलं. "'कंडक्टर.' खाली, 'टेक इन ॲट वेस्ट, हाफ इंच.' त्याखाली, 'टर्न अप ॲट फाइव्ह.'"

"कंडक्टर?" नणंद म्हणाली. "हे लोक तिकिटं काढणाराही बरोबर घेऊन फिरतात?"

"बसचा नव्हे. गाणाऱ्यांच्या पुढे उभा राहून छडी हलवतो तो. त्यांचा मुख्य." सर चिठ्ठीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मास्तरीणबाई, ही शेवटची ओळ कपड्याबद्दल नाही असं मला वाटतं. 'टर्न अप' म्हणजे हजर होणे. पाच वाजता हजर व्हा, म्हणजे कपडे घेऊन पाच वाजता सभागृहात या, असं ती म्हणतेय. हा शेवटचा नग ना, म्हणून निरोप यावरच लिहिला."

मास्तरीण टेप लावत होती. एकवीस नग बरोबर आले होते, आणि बरोबर आलेल्या एकवीस नगांची एक ऐट असते. "कालपासून 'टर्न अप' म्हणजे दुमडायची होती, आणि आज हजर व्हायची झाली?"

"पण 'ॲट' आहे बघा. 'ॲट फाइव्ह'. 'ॲट' वेळेला लागतं."

"वरच्या ओळीत 'ॲट वेस्ट' लिहिलंय. कंबर ही काय वेळ आहे का, सर? पुन्हा दोन इंच निराश करायचं का कुणाला?"

नणंद खुदकन हसली. सरही कसंनुसं हसले. त्यांनी सुरी उचलली आणि कमरेची शिलाई उसवायला घेतली.

पाच इंच म्हणजे फार, हे मास्तरणीलाही वाटलं. तिने पॅन्ट टेबलावर पसरली, दोनदा मापली. "बुटका असेल," ती म्हणाली.

"मोठी माणसं पुष्कळदा बुटकी असतात," नणंद म्हणाली. "म्हणून तर छडी लागते."

मास्तरणीने कात्री उचलली आणि परत ठेवली. दुमडून भागत असेल तर कापू नये, हा तिचा जुना नेम. पाच इंच कापड तिने आत दुमडलं, पक्की शिलाई घातली, वर इस्त्री दाबली. कडेला सुरीसारखी धार आली. साडेचारला बावीस कपडे दांडीवर ओळीने लटकत होते, आणि तिघंही चहा पीत त्यांच्याकडे बघत होती. कुणीतरी गाडी घेऊन येईल आणि नेईल, असं ती धरून चालली होती.

पाच वाजले. सव्वापाच झाले. सर घड्याळाकडे बघत आणि नजर दुसरीकडे वळवत. साडेपाचला कपडेवाली बाई धावत आली. तिच्या कपाळाला केस चिकटले होते. दारातच तिने विचारलं, आणि इतकं स्पष्ट विचारलं की मास्तरणीलाही शब्द कळले. "पाच वाजता टर्न अप व्हायला सांगितलं होतं ना?"

नणंदेने तोंडाला पदर लावला. मास्तरणीने सरांकडे पाहिलं, आणि सर जमिनीकडे पाहत होते. आपलं बरोबर ठरलं याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कुठेही नव्हता.

"तुम्ही सांगत होतात," ती म्हणाली. "मी ऐकलं नाही."

"मी मंगळवारी चुकलो होतो," सर म्हणाले. "त्यामुळे बुधवारी माझ्या बोलण्यात जोर नव्हता."

"जोर नंतर आणा. आधी कपडे उचला."

गाडी आणायला वेळ नव्हता. चौघांनी कपडे खांद्यांवर घेतले. नणंदेने हातात इस्त्री घेतली, मास्तरणीने सुई-दोऱ्याचा डबा कमरेला बांधला. रस्त्यातली माणसं वळून पाहू लागली. पुढे धापा टाकणारी परदेशी बाई, मागे खांद्यावर सहा कोट घेतलेले निवृत्त शिक्षक, आणि त्यांच्यामागे झग्यांच्या ढिगाखालून नुसते पाय दिसणाऱ्या दोन बायका. पानटपरीवाल्याने "मास्तरीण, कुठे निघालात?" विचारलं, तर ढिगाखालून नणंद म्हणाली, "गायला."

सभागृहाच्या मागे एक लांबट खोली होती. चाळीस माणसं तिथे वाट पाहत बसली होती. कपडे आले तशी एकच झुंबड उडाली. मास्तरीण भिंतीला टेकून उभी राहिली. एक अवाढव्य देहाचा माणूस कोटात शिरला, पोटावरचं बटण लावलं, श्वास सोडला, बटण जागच्या जागी राहिलं. त्याने पुन्हा श्वास भरून घेतला आणि एक खालचा, घुमणारा स्वर लावला. बटण तरीही राहिलं. खोली हसली, आणि त्याने मास्तरणीपुढे वाकून दाखवलं. उंच बाईचा झगा घोट्यापर्यंत नीट पोचला होता. ती आरशासमोर एक गिरकी घेऊन आली.

मग पलीकडचं दार उघडलं आणि कंडक्टर आत आला.

तो सहा फुटांवर आणखी चार बोटं होता. पिकलेले केस, पाठीत काठी घातल्यासारखा ताठ, अंगात झोकदार काळा कोट. आणि पॅन्ट पोटऱ्यांच्या मध्यावर संपलेली. खाली करड्या मोज्यांचा मोठा प्रदेश. मास्तरणीला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. कंडक्टरने खाली पाहिलं, मग वर पाहिलं आणि शांतपणे काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" मास्तरणीने सरांना विचारलं.

"नदीला पाणी किती चढलंय, विचारतोय."

आणि कंडक्टर स्वतःच हसू लागला. त्याच्यामागून चाळीस जणं हसली. शिकलेल्या गळ्यांचं हसणं ते, भिंती दणाणल्या. कपडेवाली बाई मात्र हसत नव्हती. तिने मास्तरणीचं मनगट धरून काही विचारलं.

"'सॉर्ट आउट' करता येईल का, म्हणतेय," सर म्हणाले. "म्हणजे..."

"निस्तरता येईल का," मास्तरीण म्हणाली. "कळलं मला. कात्री लावलेली नाही, निस्तरता येईल. पॅन्ट काढायला सांगा त्याला. वन्सं, इस्त्री तापत घाला. सर, सुरी घ्या, डावा पाय तुमचा, उजवा माझा."

कंडक्टरने कमरेला एक मोठा टॉवेल गुंडाळला आणि तशाच अवतारात, वर कोट आणि खाली टॉवेल, तो गाणाऱ्यांचे गळे मोकळे करून घेऊ लागला. एका बाजूला चाळीस जणं सूर वर चढवत होती आणि दुसऱ्या बाजूला जमिनीवर मांडी घालून सर आणि मास्तरीण शिलाई उसवत होती. आदल्या दिवशी अस्तर फाडणारा माणूस एकेक टाका असा उचलत होता की जणू वहीत ओळ लिहितोय. डावा पाय उजव्याच्या आधी मोकळा झाला, आणि मास्तरणीने ते पाहिलं.

शिलाई निघाली, पण घडीची रेघ निघेना. दुपारी तिनेच ती जोर लावून बसवली होती. पाण्याचा हात फिरवून इस्त्री केली तरी पायावर आडवी पट्टी दिसतच राहिली.

"व्हिनेगर लागेल," ती म्हणाली. "पांढरं. सर, इथल्या उपाहारगृहातून आणा."

सर धावत गेले आणि धावत आले. त्यांना धावताना गेल्या दोन वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं. व्हिनेगरात ओलं केलेलं फडकं रेघेवर ठेवून मास्तरणीने इस्त्री दाबली. वाफेचा आंबट भपका उठला, पुढच्या रांगेतल्या दोन बायका शिंकल्या. तिसऱ्या दाबाला रेघ गेली. तिने खालची मूळ दुमड हाताने घातली, नणंदेने दुसऱ्या पायाची घातली. सातला दहा कमी असताना पॅन्ट कंडक्टरच्या हातात होती. त्याने ती घातली, दोन पावलं टाकली, तिच्याकडे पाहून मान लववली आणि नाक जरा आक्रसलं.

"वास जाईल म्हणावं," मास्तरीण म्हणाली.

तिघांना पडद्याच्या कडेला तीन खुर्च्या मिळाल्या. मास्तरणीला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं. सुरुवातीला ती नुसती शिलाई बघत होती. पहिल्या ओळीत सगळे झगे जमिनीपासून एकाच उंचीवर. कोटांच्या बाह्यांतून मनगटं एकसारखी बाहेर. चाळीस जणांनी एकदम श्वास घेतला तेव्हा चाळीस छात्या फुगल्या आणि तिची एकही शिलाई ताणली गेली नाही. मग गाण्यात कुठेतरी बायकांचे आवाज वर वर गेले आणि पुरुषांचे खाली उतरत गेले, मधली जागा मोठी होत गेली, आणि ती कपडे बघायचं विसरली. नणंदेने तिचा हात धरला होता, कधी धरला ते दोघींनाही माहीत नव्हतं. सरांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं.

कार्यक्रम संपल्यावर कपडेवाली बाई आली. आता ती सावकाश बोलत होती. सरांनी ऐकलं, पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि मगच ते मास्तरणीकडे वळले.

"उरलेल्यांतले अठरा नगही नीट नाहीत म्हणते. कसेबसे अंगात चढवलेत. पुढे आणखी तीन गावं आहेत, पाच दिवस. उद्या सकाळी आठला त्यांची बस निघते. 'कम अलाँग' म्हणाली."

"त्याचं शेपूट काय?"

"त्याला गुंता नाही. आमच्याबरोबर चला."

वडील गेल्यापासून दुकान मास्तरणीने एक दिवसही दुसऱ्यावर सोडलं नव्हतं. लग्नाला जायचं तरी ती सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची. तिने नणंदेकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस, वहिनी?" नणंद म्हणाली. "जा. पाच दिवस दुकान मी बघते. गिऱ्हाइकांना सांगते, मास्तरीण परदेशी मंडळात गेली. परत येशील तोवर तुझा भाव वाढलेला असेल."

"आणि घरी?"

"माझ्या भावाला मी ओळखते. त्याला जेवायला वाढलं की त्याचं जग शाबूत असतं. ते मी वाढीन."

मास्तरणीने घरी फोन लावला. नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला गायला तर नाही ना लावणार?" नाही म्हटल्यावर तो म्हणाला, "मग जा खुशाल. लोकांचे तिकिटाचे पैसे वाया नाही जायचे."

फोन ठेवून ती कपडेवाल्या बाईकडे वळली. "येते म्हणावं, सर. पण मला उसवायला माणूस लागतो. आणि चिठ्ठ्या वाचायला. दोन्ही कामं करणारा एकच माणूस माझ्या माहितीत आहे."

सरांनी अर्धं भाषांतर केलं आणि मध्येच थांबले. "मी?" ते म्हणाले.

"वर बसून तरी काय करणार आहात?"

त्यांनी बाकीचं भाषांतर घाईघाईने उरकलं. कपडेवाली बाई हसून काहीतरी म्हणाली आणि सर लाजले. काय म्हणाली ते मास्तरणीने विचारलं, पण त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी पावणेआठला बस दुकानासमोरच येऊन उभी राहिली, कारण मशीन उचलून न्यायची होती. अवाढव्य देहाच्या गवयाने ती एकट्याने उचलून मागच्या बाकावर ठेवलं. सर इस्त्री केलेला शर्ट घालून, लहानशी पेटी घेऊन जिना उतरले. नणंदेने पेटी हातात घेऊन पाहिली. "एवढी जड? दगड भरलेत?"

"वही आहे," सर म्हणाले. "पाच दिवसांत पुष्कळ सापडेल."

बस निघाली. मास्तरणीने खिडकीतून मागे पाहिलं. नणंद दुकानाच्या दारात गळ्यात टेप घालून उभी होती आणि आत्ताच मास्तरीण झाल्यासारखी एका गिऱ्हाइकाचा खांदा न्याहाळत होती. मास्तरणीला हसू आलं. ती मशीनपाशी जाऊन बसली. बस मोठ्या रस्त्याला लागतेय तोवरच पुढच्या बाकांवरून हातोहात एक कोट मागे आला, बाहीला चिठ्ठी लावलेला. सरांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, आणि या वेळी तोंड उघडण्याआधी कोट उलटा करून मायेत बोट घातलं.

"किती आहे?" मास्तरणीने विचारलं.

"दीड इंच. पुरेल." आणि बसच्या धक्क्यांना सांभाळत त्यांनी पहिला टाका कापला.